अरुंधती म्हणजे नेमकं काय?

महाभारताच्या अनुशासनपर्वात एक तळं आहे. तिथे स्वतःच्या नावाचा अर्थ सांगितल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरता येत नाही. दुष्काळ पडलेला आहे आणि सप्तर्षी अन्नासाठी वणवण हिंडताहेत. वृषादर्भी नावाच्या राजाने त्यांना दान देऊ केलं होतं, अगदी उंबरांच्या पोटात सोनं दडवून पाठवलं होतं, पण ऋषींनी ते घेतलं नाही. चिडलेल्या राजाने होम करून यातुधानी नावाची कृत्या, म्हणजे मंत्राने उभी केलेली मारेकरी राक्षसी, निर्माण केली आणि तिला बजावलं, की एकेकाचं नाव विचार, त्याचा अर्थ नीट समजून घे आणि मग त्याला संपव. कमळाचे देठ खाऊन भूक भागवावी म्हणून ऋषी तळ्यावर येतात, तेव्हा ही बया काठावर पहारा करत बसलेली असते. मग प्रत्येक जण नाव सांगतो, पण त्याची फोड अशी कोड्यात घालून सांगतो की तिला ती पकडताच येत नाही. 'हे काही माझ्या ध्यानात राहायचं नाही, जा, उतर पाण्यात,' असं म्हणून ती एकेकाला सोडून देते.

या घोळक्यात वसिष्ठांची पत्नी अरुंधतीही आहे. तिची पाळी येते तेव्हा ती म्हणते, 'मनोऽनुरुन्धती भर्तुरिति मां विद्ध्यरुन्धतीम्'. पतीच्या मनाच्या अनुरोधाने चालणारी, म्हणून मी अरुंधती. यातुधानीला तेही कळत नाही.

खरं तर तिला कळलं नाही यात नवल नाही, कारण ही व्युत्पत्ती सरळ नाहीच. नाव आहे 'अरुन्धती' आणि स्पष्टीकरणात आला 'अनुरुन्धती'. मधला 'नु' गेला कुठे? यातुधानीला चकवायला रचलेली ही फोड आहे. गंमत अशी की पुढे हाच अर्थ रूढ झाला. आज बाळाच्या नावांची कोणतीही यादी उघडा, अरुंधतीपुढे 'निष्ठा', 'पतिव्रता', 'पतीला अनुसरणारी' असंच लिहिलेलं दिसेल.

व्याकरणाने पाहायचं तर मामला सोपा आहे. मूळ धातू 'रुध्', म्हणजे अडवणं, रोखणं, कोंडणं. मराठीत त्याची पिलावळ मोठी आहे: विरोध, अवरोध, निरोधन, रुद्ध, गतिरोधक. 'भावनावेगाने कंठ रुद्ध झाला' असं आपण म्हणतो तेव्हाही हाच धातू कामाला आलेला असतो. या धातूपासून 'अडवणारी' या अर्थाचं स्त्रीलिंगी रूप होतं 'रुन्धती'. त्याच्यामागे नकाराचा 'अ' लावला की झालं 'अरुन्धती', म्हणजे न अडवणारी. 'अनु' हा उपसर्ग लागला की हाच धातू 'जुळवून घेणं, अनुसरणं' असा अर्थ देतो. मराठीतलं 'त्या अनुरोधाने' तिथूनच आलं. तेव्हा अनुशासनपर्वातली फोड पूर्ण हवेतली नाही, पण ती आहे शब्दांची कसरत. आणखी एक अर्थ इंटरनेटवर फिरतो, 'सूर्यकिरणांनी न्हालेली' वगैरे. 'अरुण' आणि 'अरुंधती' यांत पहिली दोन अक्षरं सारखी ऐकू येतात, यापलीकडे त्याला आधार नाही.

न अडवणारी, पण कशाला? कालिकापुराणाने यावर आपलं उत्तर दिलं आहे: कोणत्याही कारणाने धर्माला न अडवणारी. त्याच पुराणात ती आधीच्या जन्मात ब्रह्मदेवाची कन्या संध्या होती आणि पुढे मेधातिथी ऋषींची मुलगी म्हणून जन्मली, अशी कथा आहे. भागवतात मात्र ती कर्दम आणि देवहूती यांची मुलगी. पुराणांना हे असले तपशील जुळवायची घाई कधीच नव्हती.

या सगळ्याच्या कितीतरी आधी, अथर्ववेदात, 'अरुंधती' ही बाईही नाही आणि ताराही नाही. ती वनस्पती आहे. चौथ्या कांडातल्या एका सूक्तात तुटलेलं हाड सांधण्यासाठी तिला साकडं घातलं आहे: 'रोहयेदमरुन्धति', हे भरून आण, अरुंधती. सहाव्या कांडात बैलांना, गाईंना आणि दूध न देणाऱ्या जनावरांनाही आसरा दे म्हणून तिची विनवणी आहे. ही वेल आजची कोणती, हे ठरवायला सूक्तांत पुरेशा खुणा नाहीत. पण जखम भरणारी वेल ही या नावाची सर्वात जुनी ओळख आहे आणि नामकोशांनी ती जवळजवळ पूर्ण गाळली आहे. मला विचाराल तर एखाद्या मुलीला नाव ठेवताना सांगण्याजोगी ही गोष्ट पहिली.

आकाशातली अरुंधती

सप्तर्षी बहुतेकांना ओळखता येतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री. शेपटीत अंगिरस, वसिष्ठ आणि टोकाला मरीची. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती पुढे वाढवली की ध्रुव सापडतो. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्याकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं की त्याला चिकटून एक बारीक ठिपका दिसतो. ती अरुंधती.

ताऱ्याचं तेज प्रतीने मोजतात आणि प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा ठळक. वसिष्ठाची प्रत साधारण 2.2 आणि अरुंधतीची 4. म्हणजे वसिष्ठ तिच्याहून सुमारे पाचपट तेजस्वी दिसतो. दोघांमधलं अंतर 12 कला, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही थोडं कमी. चांगल्या डोळ्यांना आणि काळ्या आकाशाला हे जमतं, शहरातल्या दिव्यांत जमेलच असं नाही. महाराष्ट्रातून पाहायचं तर मेअखेरीस रात्री नऊच्या सुमारास हे तारे उत्तरेला सर्वात उंच असतात. डिसेंबरात मात्र ते मध्यरात्रीच्या आगेमागे उगवतात. आपल्या अक्षांशावर ते वर्षभर क्षितिजाच्या वर राहत नाहीत, हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे लग्नाच्या विधीबद्दल बोलताना ते कामाला येईल.

या जोडीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश दर लग्नसराईत फिरतो. इतर जोडताऱ्यांत एक दुसऱ्याभोवती फिरतो, पण वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून नवरा-बायकोला ही जोडी दाखवतात, असा त्याचा मतलब. यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे. कोणत्याही जोडताऱ्यात दोन्ही तारे आपल्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. आणि लग्नासारख्या घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या गृह्यसूत्रांत या ताऱ्यांच्या भ्रमणाबद्दल अवाक्षर नाही. खरी हकीकत याहून सुरस आहे. हे तारे आपल्यापासून सुमारे 80 प्रकाशवर्षांवर आहेत आणि अवकाशात एकाच दिशेने सरकणाऱ्या एका तारकागटाचे सदस्य आहेत. दुर्बिणीतून पाहिलं की वसिष्ठ स्वतःच दुहेरी दिसतो. त्या दोघांपैकी प्रत्येक जण पुन्हा जोडतारा आहे, म्हणजे एका वसिष्ठात चार तारे. अरुंधतीलाही एक मंद जोडीदार आहे, हे 2009 मध्ये लक्षात आलं. एकूण सहा. एवढं मोठं कुटुंब डोळ्यांना दोन ठिपक्यांसारखं दिसतं.

अरबांनी या बारीक ताऱ्याला 'सुहा' म्हटलं, म्हणजे दुर्लक्षित, विसरलेला. नजर तपासायला तेही तो वापरत. त्यांच्याकडे एक म्हण आहे: मी त्याला सुहा दाखवतो आणि तो मला चंद्र दाखवतो. बारीक गोष्ट समजावायला जावं आणि समोरच्याने भलतंच ढोबळ काहीतरी दाखवून मोकळं व्हावं, अशा वेळी ती वापरतात. आपल्याकडे हा नजरेचा मुद्दा वैद्यकात गेला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आसन्नमरण रोग्याची लक्षणं सांगितली आहेत. त्यांत ज्याला अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा दिसत नाही त्याचं आयुष्य सरलं असं समजावं, असं लिहिलं आहे. हितोपदेशात तेच सुभाषिताच्या रूपात येतं: ज्यांचं आयुष्य संपलं त्यांना विझलेल्या दिव्याचा वास येत नाही, मित्राचा सल्ला ऐकू येत नाही आणि अरुंधती दिसत नाही. आज चष्म्याचा नंबर असलेल्यांनी हे वाचून घाबरायचं कारण नाही. योगाच्या परंपरेत तर याच वचनाचा वेगळाच उलगडा केला आहे: अरुंधती म्हणजे जीभ आणि ध्रुव म्हणजे नाकाचा शेंडा.

'रुद्धाहमस्मि'

लग्नात अरुंधती दाखवायची चाल जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलं आहे की वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहिल्यावर मौन सोडावं आणि 'माझा पती जिवंत राहो, मला संतती मिळो' असं म्हणावं. सामवेदी परंपरेतलं गोभिल गृह्यसूत्र याहून रंजक आहे. तिथे ध्रुवाकडे बघून वधू म्हणते, 'तू स्थिर आहेस, मीही पतीच्या कुळात स्थिर होवो.' आणि अरुंधतीकडे बघून म्हणते, 'रुद्धाहमस्मि', मी रोखली गेले आहे, बांधली गेले आहे.

इथे थोडं थांबायला हवं. तारा आहे 'न अडवणारी', आणि तिच्याकडे पाहणारी नवरी म्हणते 'मी अडवली गेले'. दोन्हीकडे धातू तोच. सूत्रकाराला ही टक्कर जाणवली नसेल असं मला वाटत नाही, कारण ध्रुवाच्या वाक्यातही त्याने 'ध्रुव' आणि 'ध्रुवा' असा खेळ केलाच आहे. भाष्यकार हे बंधन प्रेमाचं आणि निष्ठेचं आहे असं सांगून पुढे जातात. वाचणारीने आपापलं ठरवावं.

आता पंचांगाची अडचण. हा विधी रात्रीचा आहे. आपल्याकडे मुहूर्त बहुतेक दिवसाचे, तेव्हा गुरुजी उत्तरेकडे बोट दाखवतात, दोघं हात जोडतात आणि मंडळी जेवायच्या पंगतीकडे वळतात. वैशाखातलं लग्न असेल तर रात्री वरातीच्या वेळी खरोखर वर पाहता येईल. मार्गशीर्षातल्या लग्नात मात्र संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात. ज्यांना हा विधी मनापासून करायचा आहे त्यांनी मध्यरात्र उलटल्यावर गच्चीवर जाण्याची तयारी ठेवावी.

एवढा बारीक तारा नवरीला दाखवायचा कसा, यातून तत्त्वज्ञानाला एक न्याय, म्हणजे ठरलेला दृष्टान्त, मिळाला. आधी शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून 'ही बघ अरुंधती' म्हणायचं. नजर तिथे स्थिरावली की 'ही नव्हे, हिच्या बाजूची ती बारीक' म्हणून खरी दाखवायची. याला स्थूलारुंधती न्याय किंवा अरुंधतीदर्शन न्याय म्हणतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या आठव्या सूत्रावर लिहिताना, हाच दाखला दिला आहे. प्रश्न असा होता, की उपनिषदाने 'सत्' या शब्दाने जडातलं मूळ, म्हणजे सांख्य दर्शनाच्या लोकांचं 'प्रधान', सांगितलं आहे का? प्रतिपक्षी म्हणू शकतो, की आधी ढोबळ म्हणून प्रधान सांगितलं आणि पुढे सूक्ष्म आत्म्याकडे नेलं. आचार्य म्हणतात, तसं असतं तर 'ते सोडून दे' असंही पुढे सांगायला हवं होतं, जसं अरुंधती दाखवणारा ठळक तारा दाखवून नंतर तो नाकारतो. उपनिषदात तसं नाकारलेलं कुठे दिसत नाही, म्हणून तो अर्थ टिकत नाही. लग्नमंडपातली साधी युक्ती वेदान्ताच्या वादात पुराव्यासारखी वापरलेली आहे. शिक्षकी पेशातल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल, फक्त 'ही नव्हे' म्हणायला विसरू नये.

सहा गेल्या, एक राहिली

कृत्तिका नक्षत्राची आणि अरुंधतीची गोष्ट एकच आहे. शतपथ ब्राह्मणात असं येतं, की कृत्तिका या मूळच्या ऋक्षांच्या, म्हणजे सप्तर्षींच्या, बायका. पण सप्तर्षी उगवतात उत्तरेला आणि कृत्तिका पूर्वेला, त्यामुळे त्यांची ताटातूट झाली. महाभारताच्या वनपर्वात त्याला कथा मिळाली. अग्नी ऋषिपत्नींवर भाळला. त्याच्यावर मन असलेल्या स्वाहेने एकेका ऋषिपत्नीचं रूप घेऊन त्याला गाठलं. सहा जणींची रूपं तिला घेता आली, अरुंधतीचं मात्र घेता आलं नाही, कारण तिचं तप आडवं आलं. त्यातून स्कंद जन्मला. लोकापवाद उठला, ऋषींनी त्या सहा निरपराध बायकांना टाकून दिलं आणि त्या आकाशात कृत्तिका होऊन बसल्या. वसिष्ठाजवळ एकटी अरुंधती उरली.

ही कथा साधारणपणे अरुंधतीच्या पातिव्रत्याचा पुरावा म्हणून सांगतात. मला त्यात उरलेल्या सहा जणींवर झालेला अन्यायच ठळक दिसतो. आणि जाता जाता एक योगायोग: ज्योतिषातल्या चरणाक्षरांप्रमाणे 'अ' हे अक्षर कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं. म्हणजे जी कृत्तिकांत गेली नाही, तिच्याच नावाचं आद्याक्षर कृत्तिकेचं.

महाभारत तिला सगळीकडे डोक्यावर घेत नाही, हेही सांगायला हवं. आदिपर्वात खांडववन जळतं त्या भागात मंदपाल ऋषी बायकांच्या संशयाबद्दल कुरकुरतो आणि दाखला देतो अरुंधतीचा. वसिष्ठासारख्या शुद्ध माणसावरही तिने संशय घेतला, म्हणून ती 'धूमारुणसमप्रभा' झाली, धुरकट तांबूस, दिसते न दिसते अशी. ताऱ्याच्या मंदपणाला शोधलेलं हे कारण. सांगणारा कोण हेही बघावं: हा मंदपाल एका पक्षिणीला पिल्लांसकट सोडून दुसरीकडे गेलेला आणि आता पहिलीपुढे सारवासारव करणारा. भीष्मपर्वात युद्धाआधीचे अपशकुन सांगताना व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, तिन्ही लोकांत साध्वी म्हणून गाजलेल्या अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकलं आहे. यावरून महाभारताचा काळ काढण्याचे प्रयत्न झाले. पण त्याच यादीत गाईंच्या पोटी गाढवं जन्मल्याचंही सांगितलं आहे, तेव्हा तिला वेधशाळेची नोंदवही समजणं मला पटत नाही. बायको नवऱ्याच्या पुढे गेली हा जगबुडीचा शकुन मानला गेला, एवढंच त्यातून निश्चित कळतं.

याच्या उलट बाजूला शल्यपर्वातली बदरपाचन तीर्थाची कथा ठेवा. सप्तर्षी फळंमुळं आणायला हिमालयावर गेलेले, इकडे बारा वर्षांचा दुष्काळ, आश्रमात अरुंधती एकटी. शंकर ब्राह्मणाच्या वेषात भिक्षा मागायला येतो. धान्य संपलंय, बोरं आहेत, असं ती सांगते. ती शिजव, असं तो म्हणतो. ती बोरं चुलीवर ठेवते आणि शिजेपर्यंत तो पुण्यकथा सांगत राहतो. बारा वर्षं निघून जातात, तिला ती एका दिवसासारखी वाटतात, अन्नाचा कणही पोटात नसतो. ऋषी परतल्यावर शंकर त्यांना तोंडावर सांगतो: हिमालयावर तुम्ही जे तप कमावलं, ते हिच्या घरातल्या तपाच्या तोडीचं नाही. अनुशासनपर्वात पुढे ऋषी, पितर आणि देव तिच्याकडे धर्माचं रहस्य विचारायला जातात आणि ती त्यांना ते सांगते. तिथे वसिष्ठ पडद्यामागे आहेत.

संस्कृत कवींना हीच अरुंधती अधिक भावली असावी. कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गात शंकर लग्नाच्या बोलणीसाठी सप्तर्षींना बोलावतो, अरुंधतीही येते. कालिदास लिहितो, की शंकराने तिच्याकडे आणि मुनींकडे आदरात फरक न करता पाहिलं: 'स्त्री पुमानित्यनास्थैषा वृत्तं हि महितं सताम्'. बाई की पुरुष हा विचारच नाही, सज्जनांना मोल असतं ते वागणुकीचं. तिला पाहून त्याची लग्नाची ओढ वाढली, असंही कालिदास मिश्कीलपणे सांगतो. मग हिमालयाच्या घरी ऋषी वडिलांशी बोलतात, पण अशा कामात बायकाच तरबेज, म्हणून अरुंधतीचीही मदत मागितली जाते. लाजणाऱ्या पार्वतीला ती मांडीवर घेते आणि मुलगी सासरी जाणार म्हणून रडणाऱ्या मेनेची समजूत काढते.

आणि विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती. त्याच्या उत्तररामचरितात सीतेला वनात सोडलं जातं तेव्हा अरुंधती, वसिष्ठ आणि राजमाता ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या यज्ञसत्राला गेलेल्या असतात. सत्र संपल्यावर अरुंधती साफ सांगते, सून नसलेल्या अयोध्येत मी पाऊल टाकणार नाही. राजमाता तिची बाजू घेतात आणि सगळे वाल्मीकींच्या आश्रमाकडे वळतात. राजगुरूच्या बायकोने राजाच्या निर्णयावर घातलेला हा बहिष्कार आहे. चौथ्या अंकात जनकासमोर सीतेबद्दल बोलताना तिच्या तोंडी तो प्रसिद्ध श्लोक येतो: तू माझं मूल असशील किंवा शिष्या, ते राहू दे, तुझ्या शुद्धतेमुळे माझी तुझ्यावर भक्तीच जडते, 'गुणाः पूजास्थानं गुणिषु न च लिङ्गं न च वयः'. गुणी माणसाचे गुण पूजावेत, त्याचं लिंग किंवा वय नाही. हे वचन भाषणांत पुष्कळदा वापरतात, पण ते बोलणारी अरुंधती आहे हे क्वचितच कुणी सांगतं. शेवटच्या अंकात प्रजेला जाब विचारून सीतेचा स्वीकार करायला लावणारीही तीच.

या नावाचा आणखी एक पदर आहे आणि तो नामकोशांत सापडत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नवऱ्याच्या गुणांनी बायको थोर होते याचं उदाहरण म्हणून हीन कुळात जन्मलेली अक्षमाला वसिष्ठाशी जोडली जाऊन पूज्य झाली, असं म्हटलं आहे. (शेजारचं दुसरं उदाहरण त्याच मंदपालाच्या पक्षिणीचं.) अश्वघोषाच्या बुद्धचरितात ही अक्षमाला मातंगी, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुळातली, असा स्पष्ट उल्लेख आहे. संस्कृत कोशांत अक्षमाला हे अरुंधतीचंच दुसरं नाव म्हणून दिलेलं आढळतं. आंध्र आणि तेलंगणातल्या मादिगा समाजात अरुंधती ही आपल्या कुळातली लेक मानली जाते, आणि तमिळनाडूतला एक दलित समाज तर तिच्याच नावाने ओळखला जातो: अरुंथतियार. 2009 मध्ये तमिळनाडू सरकारने अनुसूचित जातींच्या 18 टक्के आरक्षणातला 3 टक्के वाटा कायद्याने या समाजासाठी राखला. गुरुजी मंडपात जिच्याकडे बोट दाखवतात, तिच्यावर या समाजांचाही हक्क आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

आधुनिक काळात हे नाव मराठी, बंगाली, कन्नड घरांतून सारखंच दिसतं. 1997 चं बुकर मिळवणाऱ्या अरुंधती रॉय, 2013 मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या अरुंधती भट्टाचार्य आणि रंगभूमीवरच्या अरुंधती नाग ही चटकन आठवणारी नावं. तिघींपैकी एकीचीही ओळख कुणाची पत्नी म्हणून सांगावी लागत नाही.

नाव ठेवणाऱ्यांसाठी लिहिण्याबद्दल थोडंसं. 'रु' ऱ्हस्व, कारण पुढे अनुस्वार आहे आणि धातूतही तो ऱ्हस्वच आहे. जन्मदाखल्यावर 'अरूंधती' असं उमटलेलं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावं, नंतर शाळेच्या कागदांपासून पासपोर्टपर्यंत तीच चूक चालत राहते. मराठीत शेवटचा 'ती' दीर्घ. संस्कृतात हाक मारताना मात्र तो ऱ्हस्व होतो, अरुन्धति, जसा अथर्ववेदातल्या त्या मंत्रात आहे. घरात काय, दोन दिवसांत 'अरू' होतंच, आणि तिथे 'रू' दीर्घ लिहायला हरकत नाही.